नाव न घेता गायलेला डोंगर

सोदोवला गाणं सुचायला लागलं की पहिला पत्ता उंटांना लागतो. तो विहिरीवर पोहरा ओढत असतो, ओठ हलायला लागतात, हात मध्येच थांबतात, आणि डोणीपाशी रांग धरून उभ्या असलेल्या उंटिणी माना लांब करून त्याच्याकडे बघत राहतात. पाणी अर्ध्यात लटकलेलं. मग आमची म्हातारी तपकिरी उंटीण पुढे होऊन त्याच्या पाठीवर एक ओली फुंकर टाकते, आणि हा दचकून म्हणतो, "हो हो, देतो ना बाई!"

त्या उन्हाळ्यात उंटिणी फार तहानेल्या राहिल्या. कारण सोदोवला गाणं सुचत नव्हतं, आणि तरी तो ओढूनताणून सुचवून घेत होता.

आमच्या लेकीचं, सारानचं, लग्न ठरलं होतं. मुलगा उत्तरेकडचा, नदीकाठचा. बिल्गून त्याचं नाव. गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक घेऊन आमच्या गोबीत आला नि आल्या आल्या वाळूत रुतला. साराननं दोन उंट जुंपून ट्रक बाहेर काढला, वर म्हणाली, "परत येताना टायरांतली हवा थोडी कमी करून ये." तो परत आला. हवाही कमी करून आला. मग येतच राहिला.

मागणी घालायला त्याचे वडील आले, दामदिन. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. निळी रेशमी शाल पुढे केली, तपकीर दिली घेतली, गुरांची चौकशी झाली, पावसाची झाली, आणि मग दुधाच्या मद्याचा वाडगा फिरायला लागला. वाडगा ज्याच्या हातात, त्यानं गायचं. वाडगा हातात घेऊन गप्प बसलेला माणूस आमच्यात अजून जन्मायचाय.

दामदिननं त्यांच्या नदीचं गाणं म्हटलं. काय सांगू! नदीचं एकेक वळण आलं त्यात, काठचे विलो आले, पाण्यात उभे राहिलेले घोडे आले. चहा गार झाला तरी नदी काही संपेना. मग त्यानं वाडगा सोदोवच्या हातात दिला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "घ्या व्याहीबुवा! आता तुमच्याकडचं पाणी वाहू द्या."

त्याची माणसं हसली. आमचीही हसली, खोटं कशाला बोलू. सोदोवनं तोंड उघडलं. गाणारा माणूस तो, शेकडो गाणी येतात त्याला. पण जे आलं तेही नदीचंच आलं. रेडिओवर लागतं तसलं कुठलंसं.

"अरे, हे तर आमच्याच बाजूचं गाणं!" दामदिननं मांडीवर थाप मारली.

चुलीपाशी बसलेल्या साराननं मान खाली घातली. एवढंच झालं. पण ती मान बापानं पाहिली.

पाहुणे गेल्यावर तो मला म्हणाला, "दुलमा, पोरगी आपल्या जागेचं गाणं घेतल्याशिवाय या घरातून निघणार नाही."

मला कळलं. आमच्याकडे मुलीचा बाप वरातीबरोबर जात नाही. आई जाते, मामा जातो, शेजारपाजार जातो. बापानं उंबऱ्यातून निरोप द्यायचा नि घरी चूल सांभाळायची. त्याला स्वतःला जाता येणार नव्हतं. म्हणून गाणं जायला हवं होतं. शरदात उंटांच्या पाठीवरच्या मदारी चरबीनं ताठ उभ्या राहतात, तेव्हाचा मुहूर्त निघाला होता. तोपर्यंत ते व्हायला हवं होतं.

पण आमच्या जागेचं गाणं करणार कसलं? नदी नाही. गवत म्हणावं तर खड्यांमधून वर आलेली चार केसं. झाकाची खुरटी झाडं आहेत, पण त्यांना सावली पडायची लाज वाटते. सोदोवनं आधी एक तळं घातलं गाण्यात. निळं, हंसांचं.

सासूबाईंनी ऐकलं. त्यांना दिसतं कमी, ऐकू मात्र नको तेवढं येतं. म्हणाल्या, "कुठाय रे ते तळं? मला नेऊन सोड, पाय बुडवून बसते. गुडघे फार दुखतात."

तळं गेलं. मग हरणं आली, तीही गेली. मग एके दिवशी विहिरीवर मी दोर ओढत होते आणि तो डोणीच्या काठावर बसून माझ्याकडे बघत होता.

"बसलाय काय? ओढा की!"

"थांब. पुन्हा सोड तो पोहरा."

"उंटिणी तहानल्यात अहो."

"सोड गं एकदा."

मी सोडला. दोर हातातून सरसरत गेला, खोल कुठंतरी पोहरा बोलला, आणि वर येताना त्यात आभाळाचा एक गोल तुकडा हलत आला. सोदोव उठला. त्याचे ओठ चालू लागले होते.

त्यानंतर त्याला सगळीकडून गाणं मिळायला लागलं. शेकोटीसाठी वाळत घातलेल्या लेंड्यांत मिळालं, ताकाच्या बुधल्यात मिळालं, पाऊस शिंपडून गेल्यावर उगवलेल्या रानकांद्याच्या वासात मिळालं. छोटी छोटी कडवी. तीन ओळी एकमेकींचा हात धरून चालणाऱ्या, आणि चौथी आखूड, एकटी. त्या चौथ्या ओळीत त्यानं डोंगर बसवला.

डोंगर आमच्या पश्चिमेला आहे. एकटाच आहे. त्याचं नाव मी इथंही सांगणार नाही. त्याच्या नजरेच्या टप्प्यात कुणीच ते घेत नाही, 'मायाळू' म्हणतात नाहीतर नुसतं 'तो', आणि लहानपणापासून त्याच्या नजरेतच राहिल्यामुळे मला तर ते जिभेवर धरायचीही सवय नाही.

सोदोवला हे ठाऊक नव्हतं का? माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण गाणं जमलं की माणसाचं डोकं पतंगासारखं होतं. लग्नाआधीच्या आठवड्यात शेजारी आमचं गेर, म्हणजे आमचं तंबूसारखं गोल घर, धुवायला मदतीला आले होते. घराच्या लोकरीच्या नमद्यावर घालायची पांढरी खोळ आम्ही धुवून, खड्यांवर पसरून, कडेनं दगड ठेवून वाळत घातली होती. तेवढ्या पाण्यात उंटांचा एक कळप पिऊन गेला असता, पण लग्नघर पांढरं दिसायला हवं. सगळे चहाला टेकले, कुणीतरी म्हणालं, "काय सोदोवदादा, झालं का गाणं?" आणि हा उभा राहिला. डोंगराकडे तोंड करून.

दोर सुटे खोल,
पोहऱ्याचा बोल,
पाणी येई गोल...

आणि चौथी ओळ म्हणून त्यानं नाव घेतलं. पूर्ण. छातीतून. दुसरं कडवं आलं, पुन्हा नाव. शेजारणीनं तोंडावर हात ठेवला. तिसऱ्या कडव्याला सासूबाई घरातून ओरडल्या, "अरे गप! गप बस मेल्या!" पण तोवर ते सुटलं होतं, आणि खरं सांगू का, फार सुंदर सुटलं होतं. डोंगरापर्यंत जाऊन परत आलं.

मग थोडा वेळ काहीच झालं नाही. नंतर तपकिरी उंटीण गुडघे मोडून खाली बसली नि तिनं नाकपुड्या मिटल्या.

वारा आला तो भिंतीसारखा आला. चहाची भांडी गेली, टोप्या गेल्या, आणि दगडांना न जुमानता आमची पांढरी खोळ एका कोपऱ्यानं उठली, फुगली, आणि निघाली. आम्ही सगळे तिच्यामागे. सोदोव पुढे, त्याच्यामागे मी, सारानचा मामा मोटरसायकलवर, नि सारान हसत, खोकत, हसत. खोळ उडाली ती थेट कळपात जाऊन एका तरुण उंटिणीवर पडली. दोन मदारींत अशी काही अडकली की वाऱ्याबरोबर धावणारी ती उंटीण शालू नेसून पळून जाणाऱ्या नवरीसारखी दिसायला लागली. बाकीचे उंट वऱ्हाडी होऊन तिच्यामागे.

"बाबा, माझ्याआधी हीच चालली सासरी!" सारान ओरडली.

वारा पडला तेव्हा ती नवरी झाकाच्या झुडपांत उभी सापडली. खोळ फाटली नव्हती, पण पुन्हा धुवायला लागणार होती.

घरी आलो तर सासूबाई चुलीपुढे ताठ बसलेल्या. "नावानं हाक मारलीस ना? ओ दिली त्यानं."

"आई, रेडिओवर सगळे घेतात डोंगरांची नावं."

"ते शहरात बसून घेतात. लांबून चालतं. तू त्याच्या तोंडावर घेतलंस, तेही तीनदा. तुझ्या बापाला अशी हाक मारली असतीस का?"

दुसऱ्या दिवशी उजाडता सोदोव उंटिणीचं पहिलं दूध घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेला. दगडांच्या राशीला प्रदक्षिणा घातली, दूध शिंपडलं, माफी मागितली. डोंगरानं क्षमा केली असावी, कारण हवा अगदी निवळली होती. पण गाणं लंगडं झालं होतं. प्रत्येक कडव्याची चौथी ओळ रिकामी. त्यानं तिथं 'डोंगर माझा' घालून पाहिलं, 'निळा निळा' घालून पाहिलं. म्हणायचा, मान हलवायचा, थांबायचा. मी दोर ओढायचे, उंटिणी प्यायच्या. आता पोहरा अर्ध्यात लटकत नव्हता. मला ते मुळीच आवडलं नाही.

लग्नाच्या आदल्या सकाळी सारान त्याच्याजवळ जाऊन बसली. "बाबा, राहू द्या ना. त्यांच्या नदीचं गाणं शिकेन मी. काय बिघडलं?"

तिनं मायेनं म्हटलं, पण त्याचं तोंड असं झालं की मी चटकन पाठ फिरवली नि कामाला लागले. पाहुण्यांसाठी चहा व्हायचा होता. सासूबाईंना म्हणाले, "आई, ती काळी जड द्या हो इकडं, आज छोटीनं भागायचं नाही."

सासूबाईंनी मोठी कढई सरकवली.

सोदोवनं डोकं वर केलं. "काय म्हणालीस?"

"कुठं काय? मोठं भांडं मागितलं."

"कढई नाही म्हणालीस."

आता हे त्याला इतक्या वर्षांनी सांगायचं होतं का? त्याच्या वडिलांचं नाव आणि कढई ज्या धातूची करतात त्याचं नाव एकच, आणि त्या धातूच्या वस्तू आमच्यात त्याच्या नावानंच मागतात. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, ते गेले तरी नसतं. म्हणून लग्न होऊन आल्या दिवसापासून मी तो शब्द उच्चारलेला नाही. कढई असो, खिळा असो, चुलीचा चिमटा असो.

"मग काय काय म्हणतेस?" तो विचारायला लागला. डोळ्यांत हसू आलं होतं, कितीतरी दिवसांनी.

"काय म्हणणार? काळी म्हणते. जड म्हणते. जी तापते ती. जिच्यावर पाऊस पडला की गंज चढतो ती. चिमट्याला म्हणते, जो विस्तवाला भीत नाही तो."

"आणि आम्हाला कधी अडलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूचं नाव काय होतं ठाऊक आहे? आभाळात रोज दिसतो त्याचंच. मी जन्मभर 'जो उगवतो तो' म्हणत आले. एकदा ग्रहण लागलं तेव्हा फार पंचाईत झाली."

सारान हसून लोळायला लागली. सोदोव मात्र उठून उभाच राहिला. "पुन्हा सांग. जो विस्तवाला..."

"भीत नाही तो."

"दुलमा," तो म्हणाला, "डोंगर माझा सासरा आहे असं समज. आता बोल."

मी चुलीतल्या लेंड्या सारल्या. हे काय गाणं करणं थोडंच होतं? हे तर रोजचं बोलणं. म्हणाले, "ज्याच्या दारी आपली विहीर."

"ज्याला पहिलं ऊन लागतं," सासूबाई म्हणाल्या.

"हरवलेले उंट ज्याच्या पायाशी सापडतात," सारान म्हणाली. "नेहमी तिथंच सापडतात, बाबा. मेले आपण होऊन तिकडंच जातात."

चहा उतू गेला. विस्तव चुरचुरला, घरभर खारट दुधाचा वास सुटला, आणि सोदोवनं तोही घेतला. दुपारपर्यंत गाणं पायांवर उभं होतं. विहिरीवर उंटिणी ओरडत होत्या आणि पोहरा अर्ध्यात लटकला होता.

दुसऱ्या दिवशी वरात आली ती मोटारी आणि ट्रक घेऊन, पुढे दोन घोडेस्वार. त्यांनी सूर्याच्या चालीनं घराला फेरी घातली. आमचं गेर दुसऱ्यांदा धुतलेल्या खोळीत उकडलेल्या अंड्यासारखं चमकत होतं. बिल्गूनला आमच्या पोरींनी दारात अडवून बराच छळला. मेंढीच्या मानेचं हाड मोडून दाखव म्हणाल्या, आणि आत गुपचूप झाकाची काटकी खुपसून ठेवलेली. बिचारा घामाघूम झाला. शेवटी साराननंच आतून खूण केली नि काटकी निघाली.

मग वाडगा फिरला. दामदिननं नदी वाहवली, यावेळी जरा लवकर आटोपली, आणि वाडगा सोदोवपुढे धरला. "व्याहीबुवा, आज तरी पाणी दाखवणार का?"

"दाखवतो," सोदोव म्हणाला. "पण ओढायला लागतं हो आमच्याकडं."

आणि त्यानं सुरू केलं.

दोर सुटे खोल,
पोहऱ्याचा बोल,
पाणी येई गोल
    ज्याच्या दारी.

उंटिणीची चाल,
ऊन झालं लाल,
वाळूची ती शाल
    ज्याच्या खांदी.

रानकांदा ओला,
वास घरी आला,
चहा उतू गेला
    ज्याच्या देखत.

हसू फुटलं, मग विरलं. माणसं पुढे सरकली. गेरच्या छताच्या गोलातून उन्हाचा एक खांब खाली उतरला होता, त्यात धूर सावकाश वळत होता. सोदोवचा आवाज वर चढला.

वाट गेली पुसून,
वारा बसे रुसून,
कळप येई दिसून
    ज्याच्या पायी.

चौथी ओळ त्यानं परत घेतली तेव्हा एक बाईचा आवाज त्यात मिसळला. बारीक, थरथरता. आमची विहीणबाई, खोर्लो. डोळे मिटून गात होती. मग त्यांच्याकडचा एक म्हातारा गायला लागला, मग दामदिन.

गाणं संपलं तशी खोर्लोनं डोळे पुसले. "कसं कळलं हो तुम्हाला? माझ्या बापाचा कळप हिमवादळात हरवला होता, तो तिथंच मिळाला. त्याच्याच पायाशी."

"कुणाच्या?" सोदोवनं विचारलं.

"आता नाव कसं घेऊ? आमच्या मायाळूच्या."

दामदिननं मांडीवर थाप मारली. "अरे, हे तर आमच्याच डोंगराचं गाणं!"

मला वाटलं, संपलं. पुन्हा तेच वाक्य, त्याच माणसाच्या तोंडून. सोदोवचा चेहरा उतरला होता. हातातला वाडगा त्यानं खाली ठेवला. "नाही हो," तो म्हणाला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्या डोंगराचं आहे ते. पोरीला द्यायला केलंय."

"बाबा." सारान उठून आली. डोक्यावरच्या मण्यांच्या माळा किणकिणल्या. ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "नाव असतं त्यात, तर मला तिथं गाता आलं असतं का?"

त्यानं मान वर केली.

"त्यांच्या डोंगरासमोर उभं राहून मी दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर किती वाईट दिसलं असतं! मनातच ठेवावं लागलं असतं मला. आता मी मोठ्यानं गाईन. दूध काढताना गाईन, त्यांच्यासमोर गाईन. त्यांना वाटेल त्यांचा. मी कुणाला म्हणते ते मला ठाऊक."

"आणि त्यालाही," सासूबाई म्हणाल्या, नि पश्चिमेकडे, डोंगराच्या दिशेनं, हनुवटी उडवली.

दामदिन डोकं खाजवत होता. "म्हणजे सून माझ्या घरात बसून माझ्यादेखत दुसऱ्या डोंगराचं गाणार, आणि मी मान डोलावणार?"

"हो," सारान म्हणाली.

"आणि मला कळणार पण नाही?"

"नाही कळणार."

दामदिन आधी पोटात हसला, मग खांद्यांत, मग सगळं गेर हलेल असं. "व्याहीबुवा, पोरगी जड जाणार आम्हाला! आणा तो वाडगा. एकदा परत म्हणा. मला पाठ करायचंय. माझ्या डोंगराचं म्हणून हो!"

"तुमच्या डोंगराचं म्हणून," सोदोव म्हणाला, आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणी न ओढता.

निघताना नवरीनं मागं वळून बघायचं नसतं. साराननं बघितलं नाही. ट्रकच्या पुढच्या बाकावर बिल्गूनशेजारी ताठ बसली. टायरांतली हवा कमी केली होती का, हे तेवढं तिनं वाकून पाहून घेतलं. मी मामाच्या गाडीत बसायच्या आधी चाकांमागे दूध शिंपडलं. सोदोव दारात उभा होता, रीतीप्रमाणे, आणि चाकांवर धूळ उठली तेव्हा त्यानं एक कडवं म्हटलं, जे आधी नव्हतं:

लेक निघे दूर,
चुलीमध्ये धूर,
ओठी आला सूर
    ज्याचा त्याचा.

पुढच्या ट्रकमधून साराननं ते उचललं. तिच्यामागून बिल्गून, आणि त्या दोघांवर कडी करत दामदिन, खिडकीतून मान बाहेर काढून, भलत्याच पट्टीत.

मी गाडीतून मागे पाहिलं. आईला चालतं. विहिरीपाशी उंटिणी रांग धरून उभ्या होत्या, डोंगराची सावली तिथवर पोचली होती, आणि सोदोव पोहऱ्याचा दोर हातात घेऊन आमच्याकडे ओरडत होता, "व्याहीबुवा, तिसरी ओळ वर! वर न्या ती!"

तपकिरी उंटिणीनं त्याच्या पाठीवर फुंकर टाकली.